रेडकाचा अंगरखा

माझं माहेर वसमतचं. लग्नाआधी मी तिथं सहा महिने शिवणाचा वर्ग केला होता, म्हणून लग्नात वडिलांनी भांडी कमी दिली आणि एक जुनं हातमशीन दिलं. ते घेऊन मी कुरुंद्याच्या अलीकडच्या एका गावात नांदायला आले. नवरा साखर कारखान्यात कामाला होता, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी, सात महिन्यांची माझी मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

मामा फार बोलत नसत. त्यांच्याबद्दल जे मला कळलं ते शेजारपाजारच्या बायकांकडून. पूर्वी गावातलं मेलेलं ढोर ओढायचं, त्याचं कातडं सोलायचं काम आमच्या घराकडं होतं. आणि त्यातल्या एका कामात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. व्यालेल्या म्हशीचं रेडकू मेलं की ती पान्हा चोरते, धार काढू देत नाही. मग त्या मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, त्यात कडबा भरून, खोटं रेडकू तिच्यापुढं उभं करायचं. ती ते चाटते आणि दूध सोडते. मामांनी भरलेलं रेडकू कुठल्या म्हशीनं नाकारलं नाही, असं लोक सांगत.

पुढं आमच्या वस्तीनं धम्म घेतला. त्या दिवशी मामांनी आपला सुरा पडक्या विहिरीत टाकला. ढोर ओढायचं नाही, कातडं सोलायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यावरून गावात तंटे झाले, शेतातली कामं बंद झाली, पाण्याची तकलीफ झाली. पण वस्ती मागं हटली नाही. मी लग्न होऊन आले तोवर हे सगळं निवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस होते, हळद अजून शेतात होती. सकाळी मी मुलीला पाजत बसले होते, तेव्हा थोरल्या बाईंचा सालगडी दारात आला.

थोरल्या बाई म्हणजे ज्यांच्या शेतावर मामा आणि मी कामाला जायचो त्या घरच्या कर्त्या बाई. साठीच्या पुढच्या, विधवा. मुलगा नोकरीला परगावी. शेत, घर, गोठा सगळं त्याच बघायच्या.

"रेडकू गेलं," गडी म्हणाला. "तिसरा दिवस व्हता. बाईंनी बलावलंय. सामान घिऊन या म्हनल्या."

सामान म्हणजे काय, ते मला कळायला वेळ लागला. मामांना लगेच कळलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "येतो म्हन."

गडी गेला. मी पदर सारखा केला आणि विचारलं, "मामा, तुमी जानार?"

"जातो. न्हाई म्हनायला तरी जावं लागंल. गड्याजवळ न्हाई सांगून धाडनं बराबर न्हाई."

मी मुलीला कमरेवर घेतलं आणि त्यांच्या मागं निघाले. त्यांनी मला थांब म्हटलं नाही.

वाटेतच म्हशीचं रेकणं ऐकू येत होतं. गोठ्यात गेलो तर ती दावणीला बांधलेली, मान ताणून, डोळे फिरवून रेकत होती. मेलेलं रेडकू एका कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. थोरल्या बाई दाराशीच उभ्या होत्या. त्या मामांना नावानं हाक मारत, पण त्याला 'रे' जोडायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

मामा म्हणाले, "बाई, म्या ते काम सोडलं. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय मला. कुन्या तोंडानं बलावलं तेबी ठावं हाय. पर हिच्याकडं बघा तरी. कास दगडावानी झालीय. कालपासून कुनाला हात लावू देईना. सड जातील हिचे. दुष्काळात दावणीतली सगळी जनावरं गेली. ही एकली वाचली. घागरी-घागरीनं पानी पाजून जगवली म्या हिला."

ते खरं होतं. मामांनी कासेकडं पाहिलं. त्यांना जनावरातलं कळत होतं. एका नजरेत सगळं कळलं असणार. त्यांचा हात नकळत कमरेशी गेला, जिथं पूर्वी सुरा असायचा. मामा नाही म्हणाले, तर या शेतातलं आमचं काम गेलं. आणि हो म्हणाले, तर घरी परत येणारा माणूस कसा असेल, याची मला जास्त भीती वाटली.

मी बोलून गेले. "बाई, कातडंच काहून पायजे? तिला वास पायजे आन चाटायला केस पायजेत. मी शिवून देते."

"काय शिवून देतीस?"

"रेडकाचं अंग. जित्या रेडकाला घालायला. पिंजारी चाचांकडं बिनमायेचं रेडकू हाय की."

खरं सांगते, असं अंग शिवता येतं की नाही, मला माहीत नव्हतं. मी तोवर झबली, परकर आणि चोळ्या शिवल्या होत्या. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मामाही. मग मामा हळू आवाजात, पण ठाम बोलले, "व्हईल. पर सुती कापड नको. लोकर पायजे. लोकर वास धरून ठिवती."

बाईंनी घरातून त्यांच्या मालकांचं जुनं काळं घोंगडं आणलं. ते मेलेल्या रेडकाला गुंडाळून चोळायचं, म्हणजे वास उतरेल. मी मुलीला खाली बसवलं आणि गोणपाट काढायला पुढं झाले.

"पोरी," मामा म्हणाले, "हात लावू नको."

मोठ्यानं बोलले नाहीत. पण मी थांबले. सालगडी जमिनीकडं बघत होता, तोही हलला नाही. म्हैस तेवढी रेकत होती. थोरल्या बाईंनी एकदा मामांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि स्वतःच्या हातानं गोणपाट बाजूला केलं. मेलेल्या जनावराला हात लावायची त्यांच्यावर जन्मात वेळ आली नसेल. आधी त्यांची बोटं मागं आली. मग मात्र त्यांनी ते रेडकू घोंगड्यात घेतलं.

मामा लांबून सांगत होते. "पोटाखालून घासा. मान घासा. आता शेपटीखाली. तितं जास्ती. पुसू नका, ओलं तसंच राहू द्या."

बाई त्यांनी सांगितलं तसं करत होत्या, आणि करता करता रडत होत्या. दुपारपर्यंत रेडकू तसंच गुंडाळून ठेवलं. मग घोंगडं काढून घेतलं आणि गड्यानं बांधाकडेला खड्डा करून त्याला पुरलं.

तोवर मी चाचांकडं जाऊन आले होते. चाचा कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. पंधरवड्यापूर्वी त्यांची म्हैस साप चावून मेली होती आणि तिची वगार, म्हणजे मादी रेडकू, शेळीच्या दुधावर आणि पेजेवर कशीबशी जगत होती. मी सगळं सांगितलं. चाचा पिंजायची धनुकली बाजूला ठेवून ऐकत होते.

"ले जा बेटी," ते म्हणाले. "इथं बी मरूनच राहिली ती. तिथं जगली त् अल्ला की मेहरबानी."

मी टेप काढला आणि एखाद्या लेकराचं झबलं बेतावं तसं त्या वगारीचं माप घेतलं. गळा, छाती, पोटाचा घेर, पाठीची लांबी, चारी पाय गुडघ्यापर्यंत, शेपूट. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या.

प्रश्न केसांचा होता. घोंगडं नुसतंच घातलं असतं तर म्हशीच्या जिभेला ते सपाट लागलं असतं. मी आधी शेळीच्या केसांचा विचार केला. मामांनी मोडता घातला. "शेरडाचा वास आला की लाथ हानंल." मग मी अंबाडीचा वाख घ्यायचं ठरवलं. दोरासाठी सोलून ठेवलेला वाख आमच्या घरात होताच. चाचांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला आणि मान हलवली. "ये तो रस्सी है बेटी. चाटंल त् तिची जीभ सोलून निघंल. आधी कुटून काढ. मग मी लोकर देतो, त्यात मिसळ."

वाख मी दगडावर ठेवून बडवण्यानं कुटला. करडईच्या तेलाचा हात लावला. फणीनं विंचरला. विंचरून विंचरून फणीचे तीन दात गेले, पण वाख रेशमासारखा नाही तरी गाभण म्हशीच्या आयाळीइतका तरी मऊ झाला, असं मी म्हणाले. पण म्हशीला आयाळ नसते, असं मामांनीच मला हसून सांगितलं. सकाळपासून ते पहिल्यांदा हसले. चाचांनी त्यांच्याकडच्या एका पांढऱ्या घोंगड्याच्या चिंध्यांची लोकर पिंजून दिली. बाभळीची साल आणि गंजके खिळे उकळून मी दोन्हींना रंग दिला. नुकत्याच जन्मलेल्या रेडकाचा रंग काळा नसतो, धुरकट तांबूस असतो. तो साधायला दोनदा बुडवावं लागलं. वाळलेले झुपके त्या वासाच्या घोंगड्यात गुंडाळून रात्रभर ठेवले, म्हणजे केसांनाही वास लागावा. घरात असा दर्प सुटला की मुलगी शिंकत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवायला बसले. मशीनवर पहिल्याच टाक्याला सुई मोडली. मशीन झाकून ठेवलं आणि दाभण घेतलं. शेपटीकडून सुरुवात केली आणि मानेकडं सरकत गेले, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर पडते. छप्पर शाकारतात तसंच. झुपका धरायचा, टाका घालायचा, गाठ मारायची, पुढचा झुपका. मुलगी जागी झाली की पाजायचं, परत दाभण. वाऱ्याबरोबर म्हशीचं रेकणं येत होतं. आदल्या दिवसापेक्षा ते बारीक झालं होतं आणि तेच मला जास्त टोचत होतं.

मामा अंगणात बसले होते. आधी ते नुसते बघत होते. मग जवळ सरकले. मग त्यांनी फणी घेऊन माझे केस, म्हणजे त्या अंगावरचे केस, विंचरायला घेतले.

"हितं चुकलं," ते म्हणाले. "पाठीवर भोवरा असतो. तितून केस फिरतात."

"मामा, म्हशीला भोवरा कळतो व्हय?"

"तिला न्हाई कळंल. मला कळतो."

मी सहा ओळी उसवल्या आणि भोवरा काढला. मामा बोटानं दाखवत होते आणि मी त्या बोटामागून दाभण नेत होते. पुढं मी पुष्कळ वर्षं शिवण केलं, मुलींना शिकवलंही. पण इतकं नीट बघणारा माणूस मला शिवणाच्या कामात दुसरा भेटला नाही.

दुपारी ते अंग तयार झालं. वगारीच्या अंगावर चढवून पोटाखाली नाड्या बांधल्या. तोंड तेवढं तिचं स्वतःचं. शेपटीला वेगळी बाही केली होती. लांबून पाहिलं तर तीन दिवसांचं गुबगुबीत रेडकू वाटत होतं. चाचा तिला धरून गोठ्यापर्यंत आले.

म्हशीनं रेकणं थांबवलं. मान पुढं केली. पाठ हुंगली, मान हुंगली, एकदा जीभ फिरवली. मग तिनं नाक शेपटीकडं नेलं, फुरफुरली आणि पाय उचलून अशी लाथ मारली की वगार भिंतीला जाऊन पडली.

थोरल्या बाई "अगं बया" म्हणून तोंडावर हात धरून खाली बसल्या. मला वाटलं, संपलं. दोन दिवस मी सगळ्यांना आशेला लावलं, आणि आता परत तोच प्रश्न मामांपुढं येऊन उभा राहणार.

पण मामा वगारीकडं बघत होते. ती उठून उभी राहिली. "शेपटीखाली उघडं राह्यलंय," ते म्हणाले. "ढोर आधी तितंच हुंगतं. दुसऱ्याच्या लेकराचा वास आला तिला."

शेणाला जागा म्हणून मीच ते उघडं सोडलं होतं. घरी घोंगड्याच्या कापून टाकलेल्या कडा होत्या. मी पळत गेले, त्यातला शेपटीखाली घासलेला तुकडा शोधून आणला आणि गोठ्यातच, वगारीच्या मागं उकिडवी बसून, तिला झापड शिवली. म्हशीच्या पायापासून मी दोन हातांवर होते. दाभण बोटात गेलं तेही नंतर कळलं. बाईंनी मिठाचं पाणी आणून त्या केसांवर शिंपडलं.

दुसऱ्यांदा म्हैस बराच वेळ हुंगत राहिली. पाठ, पोट, शेपटीखाली; परत शेपटीखाली. मग तिच्या घशातून एक आवाज आला. रेकणं नव्हे, अगदी खालचा, घोगरा, स्वतःशीच बोलल्यासारखा. आणि ती चाटायला लागली. जिभेनं दोन झुपके उपटून निघाले, ते तिनं चघळले आणि परत चाटू लागली. चाचांनी वगारीला हळूच सोडलं. तिनं कासेला ढुशी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग तिच्या तोंडाच्या कडेनं फेस आला.

"सोडलं," चाचा म्हणाले. "सोडलं, सोडलं!"

माझी चोळी ओली झाली होती. मुलगी घरी शेजारणीजवळ होती, आणि इथं दुसऱ्याचं लेकरू पिताना बघून माझाही पान्हा फुटला होता. मी पदर ओढून घेतला आणि हसायला लागले. थोरल्या बाई तशाच खाली बसलेल्या, गुडघ्यात डोकं घालून. त्यांची पाठ हलत होती. जरा वेळानं त्यांनी चरवी मागितली आणि वगारीच्या दुसऱ्या बाजूनं स्वतः धार काढायला बसल्या. म्हैस हलली नाही.

मामा बाहेर गेले होते. मी गेले तेव्हा ते उपरण्यानं तोंड पुसत होते.

घरी जाताना मी त्यांना विचारलं. दोन दिवस ते माझ्या मनात होतं. "मामा, मी बोलले नसते तर तुमी व्हय म्हनले असते का?"

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "खरंच ठावं न्हाई मला. ते बघायची येळ आली न्हाई, म्हनून तर बरं वाटून राहिलंय."

त्या संध्याकाळी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. आदल्या दिवशी ताट तसंच सरकवलं होतं. मीही मुलीला कुशीत घेऊन आडवी झाले ती दिवेलागणीलाच झोपले.

ते अंग आठ-दहा दिवस वगारीवर राहिलं. रोज थोडे केस म्हैसच उपटायची, रोज थोडं मी कातरीनं कमी करायची. आधी मान, मग पाय, मग पोट. शेवटी शेपटीची बाही आणि झापड तेवढी राहिली. तीही काढली त्या दिवशी म्हैस उघड्या वगारीला चाटत उभी होती, काही झालंच नाही अशी. वगार मोठी झाली की चाचांकडं जाणार, असं त्यांचं आणि बाईंचं ठरलं होतं, आणि तशी ती गेलीही.

पुढच्या आठवड्यात थोरल्या बाई आमच्या घरी आल्या. आमच्या वस्तीत मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. मी चहा टाकला. त्यांनी घेतला नाही, उपास आहे म्हणाल्या. उपास होता की नव्हता, मी विचारलं नाही. पण त्या चटईवर बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि पिशवीतून खण काढून माझ्यापुढं ठेवला.

"चोळी शिवून दे," म्हणाल्या. "माप घे."

मी टेप घेऊन त्यांच्या मागं बसले आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. मामा दारात बसून सुतळी वळत होते.

"सैल ठेव गं," बाई म्हणाल्या. "मागल्या शिंप्यानं दंडात इतकी आवळली व्हती की हात वर करता येईना."

त्या हिवाळ्यात मी त्यांच्या चार चोळ्या शिवल्या.